तिसऱ्या कुत्र्याचं औषध

१९७५ सालचा फेब्रुवारी. सोलापूर शहराबाहेर, रेल्वे सायडिंगला लागून असलेला फौजेचा साठा-डेपो. श्वान पथक, हजर:

हवालदार केशव वाघमोडे, पथकप्रमुख. म्हणजे मी. गाव वेळापूर.
लान्सनायक सिद्राम बिराजदार, हँडलर. गाव अक्कलकोट तालुक्यात.
सिपाही बलबीर, हँडलर. गाव रोहतकच्या बाजूला.
बादल, अल्सेशियन, नर. सिद्रामचा.
रीटा, अल्सेशियन, मादी. बलबीरची.

या हजेरीत एक नाव नाही, कारण ते फौजेच्या कागदावर कधीच नव्हतं. खंड्या. डेपोच्या गेटासमोर गौराबाई चहाचं खोपटं चालवत. खंड्या त्यांचा. तांबूस रंगाचा, एक कान अर्धा पडलेला, साधा गावठी कुत्रा.

मला पेन्शन लागून वर्ष होऊन गेलं. आता सोलापुरातच राहतो. फौजेत कुत्री सांभाळत होतो हे गल्लीत माहीत झाल्यापासून लोक आपापली कुत्री घेऊन येतात. कान खाजवणारं कुत्रं आलं की माझा पहिला प्रश्न असतो, घरात आणि शेजारी आणखी कुत्री-मांजरं कोण कोण? लोकांना वाटतं, हवालदार भलतंच काहीतरी विचारतोय. हा प्रश्न मी कसा शिकलो ते इथे लिहितो. यात लपवाछपवी काही नाही. पथकात तेव्हाच सगळ्यांना सगळं कळलं होतं. तरी लिहिताना मान खाली जाते.

डेपोची दिनचर्या सांगतो. पहाटे कुत्र्यांना फिरवणं. मग ग्रूमिंग, म्हणजे अंगावरून ब्रश, दात, नखं, पंजे, कान, डोळे, याच क्रमाने. मग कमांडचा सराव. ऊन चढायच्या आत सगळं उरकायचं, कारण सोलापूरचं ऊन फेब्रुवारीतच पाठीवर बसतं. दुपारी कुत्री सावलीत. उन्हं कलल्यावर तारेच्या कुंपणाकडेने गस्त. संध्याकाळी खाणं. केनेलच्या दाराला मी तक्ता लावला होता आणि प्रत्येक काम झालं की हँडलरने खूण करायची. माझ्या पथकाचा तक्ता कधी रिकामा राहिला नाही. याचा मला अभिमान होता.

गस्तीवरून परतताना बादल गेटाशी थांबायचा. तिथे खंड्या वाट बघत असायचा. आधी नाकाला नाक, मग कानाला कान घासायचे आणि मग दोघंही गौराबाईंच्या भट्टीच्या उबेला एकाच फाटक्या चादरीवर पडायचे. चादर सोलापुरीच. गौराबाईंचा दादला मिलमध्ये होता, तिथली खराब निघालेली चादर. नियमाने सरकारी कुत्र्याने बाहेरच्या कुत्र्यात मिसळायचं नाही. सिद्राम हा नियम चहाच्या एका कपापुरता विसरायचा आणि मी तो कप संपेपर्यंत दुसरीकडे बघायचो.

गौराबाई म्हणायच्या, "हवालदार, तुमच्या कुत्र्याला सरकार मटण घालतं. माज्या खंड्याला भाकरी. तरी राखण कोण जास्ती करतंय, सांगा की."

"बादल करतो, बाई. त्याचं ट्रेनिंग झालंय."

"ट्रेनिंग! खंड्या सायकलवाला लांबनं वळकतो. तुमचा बादल सायबाला सलाम ठोकतो."

सिद्राम हसायचा. बलबीरला मराठी कळत नसे, पण सगळे हसले की तोही हसायचा.

बादलचं लक्षण पहिल्यांदा सिद्रामने पाहिलं. ग्रूमिंग करताना तो म्हणाला, "उस्ताद, ह्यो डोकं लई झटकाय लागलाय."

फौजेत हवालदाराला उस्ताद म्हणतात. मी जाऊन पाहिलं. बादल डोकं जोरात हलवायचा, कानांचा फटफट आवाज व्हायचा. मग मागच्या पायाने डावा कान खाजवायचा आणि खाजवताना कण्हल्यासारखा आवाज काढायचा. कानात डोकावलं तर आत काळपट, रवाळ घाण. चहाच्या चोथ्यासारखी. वासही येत होता.

मी म्हणालो, "कुसळ गेलं असेल." कुंपणाच्या कडेला वाळलं गवत होतं. त्याची कुसळं कुत्र्यांच्या पंजात, कानात जायची, हे आम्हाला नेहमीचं होतं.

"कुसळ एका कानात जातंय उस्ताद. ह्याच्या दोन्ही कानांत हाय."

"मग घाम आणि धूळ. कापूस घे, कोमट तेल घे, पूस. दोन्ही कान लख्ख पाहिजेत."

सिद्रामने पुसले. कान स्वच्छ झाले. तक्त्यावर खूण झाली. दोन-तीन दिवसांनी घाण परत आली. पुन्हा पुसले. पुन्हा खूण.

आता गल्लीतल्या लोकांना मी बोट दाखवून सांगतो ते इथेही सांगतो. कान पुसून स्वच्छ झाला आणि तीच काळी घाण पुन्हा भरली, तर ती धूळ नाही. धूळ बाहेरून येते, ही आतून तयार होते. कुत्रा दोन्ही कान खाजवतो, डोकं झटकतो, कानाच्या मुळाशी हात नेला की अंग चोरतो, कानामागची कातडी खाजवून सोलवटते. ही सगळी लक्षणं माझ्या डोळ्यांसमोर होती. मी ती वाचली नाहीत. मी फक्त पुसली.

मार्चच्या सुरुवातीला खबर आली की व्हेटर्नरीचे मेजरसाहेब इन्स्पेक्शनला येणार. दूरच्या स्टेशनातून ते अधूनमधून यायचे. आमच्याकडे इन्स्पेक्शन म्हणजे काय, हे सिव्हिलियन वाचकांना सांगायला हवं. दगडांना चुना. बादल्या एका ओळीत. बूट असे की वाकलं तर तोंड दिसावं. कुत्र्यांच्या साखळ्या राखेने घासलेल्या. साहेबाला एकही डाग दिसता कामा नये, एवढी एकच गोष्ट तेव्हा डोक्यात असते. साहेब डाग शोधायलाच येतोय, त्याचं कामच ते आहे, हे कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही आलं नाही.

त्याच आठवड्यात खंड्याही खाजवताना दिसू लागला. त्याचं तर कानामागे रक्त आलं होतं आणि माशा बसत होत्या. गेटातून आत येणाऱ्या माणसाला पहिलं दर्शन त्याचंच व्हायचं.

बलबीर म्हणाला, "उस्तादजी, इसको तो खुजली है. अपने कुत्तों को लग जाएगी."

मला ते पटलं. रोग बाहेरच्या कुत्र्याचा, आपला कुत्रा स्वच्छ. याहून सोयीचा निष्कर्ष नव्हता. रेशनचा ट्रक त्या दिवशी धान्यासाठी बार्शीला जायचा होता. मी बलबीरला सांगितलं, खंड्याला ट्रकमध्ये घाल आणि बार्शीच्या बाजारात सोड. मोठा बाजार आहे, खायला मिळेल. गौराबाई त्या दिवशी माहेरी गेल्या होत्या. दादला मिलमध्ये. खोपटं बंद होतं.

सिद्राम तिथेच होता. तो म्हणाला, "उस्ताद, बाईंला इचारायला पायजे की."

"गेटासमोर मोकाट कुत्रं नको, ही स्टँडिंग ऑर्डर आहे."

"मोकाट न्हाय त्यो. बाईंचा हाय."

"बिराजदार, ऑर्डर झाली."

"जी, उस्ताद."

खंड्या भाकरीच्या तुकड्यामागे आपण होऊन ट्रकमध्ये चढला. ओळखीची माणसं होती, तो का घाबरेल? बादल केनेलमधून भुंकत राहिला. बलबीर संध्याकाळी परतला आणि म्हणाला, बाजारात धान्याच्या पोत्यांजवळ उतरवलं, ट्रक सुरू झाल्यावर थोडा मागे पळाला, मग थांबला.

गौराबाई परत आल्या. थेट गेटाशी आल्या.

"हवालदार, माजा कुत्रा कुटं हाय?"

मी खरं ते सांगितलं. "बार्शीला सोडलाय. इन्स्पेक्शन आहे. त्याला रोग झाला होता."

"बार्शीला?" त्या मागे वळून रस्त्याकडे बघायला लागल्या, जणू बार्शी तिथून दिसणार होती. "बार्शीला त्याचं कोन हाय?"

मी म्हणालो, "ऑर्डर होती, बाई."

"कुनाची?"

मी म्हणालो, "माझी."

त्या खोपट्यात गेल्या आणि भट्टी पेटवली. दुसऱ्या दिवशी मी चहाला गेलो तेव्हा त्यांनी चहा दिला. कप खाली ठेवला, हातात दिला नाही. त्यानंतर कधीच हातात दिला नाही.

इन्स्पेक्शन झालं. त्याच्या आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळी, दोन वेळा, सिद्रामने माझ्यासमोर बादलचे कान पुसले. कापूस पांढरा निघेपर्यंत पुसले. रीटाचेही पुसले, तिच्यातही तोवर थोडं काळं दिसायला लागलं होतं. मेजरसाहेबांनी दात पाहिले, डोळे पाहिले, पंजे पाहिले. कान उलटून पाहिले.

"जरा लाल दिसतात."

"आत्ताच पुसलेत, साहेब."

"काही तक्रार? खाजवणं, डोकं झटकणं?"

मी सिद्रामकडे पाहिलं नाही. "नाही, साहेब."

"उत्तम ठेवलेत. इतके स्वच्छ कान मी कुठल्या पथकात पाहिले नाहीत."

साहेबांनी शेरा लिहिला. मी सॅल्यूट केला. सिद्रामने बादलची साखळी हाताला गुंडाळली आणि तो केनेलकडे चालू लागला. त्या रात्री जेवताना तो माझ्यापासून दोन ताटं लांब बसला.

मार्च संपता संपता ते घडलं. उन्हं कलली होती, गस्त सुरू व्हायची होती. दोन नंबरच्या पोस्टवरून रेडिओ वाजला.

"कंट्रोल, पोस्ट दोन. सायडिंगच्या बाजूला तार कापलीय. दोन माणसं आत. कुत्रा पाठवा. ओव्हर."

"पोस्ट दोन, कंट्रोल. कुत्रा निघाला. माणसं नजरेत ठेवा. ओव्हर."

"नजरेत आहेत. शेडच्या मागे गेली. लवकर. आउट."

सिद्राम बादलला घेऊन धावला. मी मागे. शेडच्या कोपऱ्यावर सिद्रामने साखळी सोडली आणि कमांड दिली. बादल तीरासारखा सुटला. हा कुत्रा एरवी एका शब्दात काम करायचा. अर्ध्या वाटेत तो थांबला. डोकं झटकलं. पुन्हा झटकलं. मग मान वाकडी करून जागीच गोल फिरला आणि खाली बसून कान खाजवायला लागला. समोर दोन माणसं कुंपणाच्या भोकातून बाहेर निघत होती.

सिद्रामने शिट्टी मारली. कुत्रा हलला नाही. ऐकू गेलं की नाही, देव जाणे. सिद्राम धावत गेला, त्याने गळपट्टा पकडला आणि बादलला माणसांच्या दिशेने वळवायला ओढलं. त्याचा अंगठा कानाच्या मुळाशी रुतला असणार. बादल ओरडला. कुत्रा असा ओरडलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. आणि त्याच झटक्यात त्याने सिद्रामच्या मनगटाच्या वर दात रोवले.

सोडलंही लगेच. सोडून तो पोटावर सरपटत सिद्रामच्या बुटांपाशी आला आणि तिथेच पडून राहिला.

माणसं निसटली. रेडिओवर मी बोललो. "कंट्रोल, हवालदार वाघमोडे. माणसं पळाली. हँडलर जखमी. ओव्हर."

"जखम कशाने? ओव्हर."

"कुत्र्याने. ओव्हर."

सिद्रामला शहरातल्या हॉस्पिटलमध्ये नेलं. टाके पडले, सुया सुरू झाल्या. ड्यूटीवर स्वतःच्या हँडलरला चावलेल्या कुत्र्यासाठी आमच्याकडे कडक नियम होता. बोर्ड बसतो. बोर्डाने अनफिट ठरवलं की त्या कुत्र्याला कायमचं झोपवायचं इंजेक्शन. चावरा कुत्रा सिव्हिलियनच्या हाती देता येत नाही आणि दुसरा हँडलर त्याला घेत नाही. आमच्या सुभेदारसाहेबांनी मेजरसाहेबांना बोलावणं धाडलं. कागदावर कारण लिहिलं, आज्ञाभंग आणि हल्ला.

मी हॉस्पिटलात गेलो. सिद्राम खाटेवर बसला होता, हात गळ्यात.

"कसा आहेस?"

"मी बरा हाय. बादल कुटं हाय?"

"एकटा ठेवलाय. बोर्ड बसणार."

"कशाला?"

"तुला चावला म्हणून."

त्याने नकाराची मान हलवली. "इल्ला, उस्ताद. त्यो चावला न्हाय. माजा हात कानाला लागला. तुमच्या दुखऱ्या दाताला कुनी हात लावला, तर तुमी काय कराल?" मग म्हणाला, "मी सांगितलं होतं की. दोन्ही कान."

बाजूच्या खाटेवरचा म्हातारा आमच्याकडे बघत होता. मी सिद्रामच्या पायाकडे बघत उभा राहिलो. हवालदाराने लान्सनायकासमोर असं उभं राहायचं नसतं. मी राहिलो.

"बोर्डासमोर सांगशील?"

"मला कोन इचारनार? तुमी सांगा."

मेजरसाहेब आले. तोवर बादलजवळ कुणाला जाता आलं नव्हतं. सिद्राम नव्हता, बलबीरला तो कानाला हात लावू देत नव्हता. म्हणजे किती तरी दिवसांत पहिल्यांदाच कुणी त्याचे कान पुसले नव्हते.

बलबीरने तोंडाला मुसकं बांधलं. साहेबांनी कान उलटला आणि थांबले. आत काळी घाण काठोकाठ भरली होती, खालची कातडी लालभडक. बादल थरथरत होता. साहेबांनी कानाच्या बाहेरूनच मुळाशी हलकेच चोळलं, तशी बादलची मागची तंगडी आपोआप हवेत खाजवायला लागली.

"हे कधीपासून आहे?"

सुभेदारसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी अटेन्शनमध्ये आलो.

"फेब्रुवारीपासून, साहेब."

"मी मार्चमध्ये कान पाहिले. स्वच्छ होते."

"पुसून घेतले होते, साहेब. माझ्या ऑर्डरने. आपण तक्रार विचारलीत तेव्हा मी नाही म्हणालो."

साहेबांनी कापसाच्या बोळ्यावर थोडी घाण घेतली आणि बॅगेतून भिंग काढलं. इकडेतिकडे पाहिलं. "काही काळं आहे का? काळा कागद, कापड?"

नव्हतं. साहेबांची नजर खाली गेली. "हवालदार, पाय पुढे करा. त्या स्टुलावर ठेवा."

मी बूट स्टुलावर ठेवला. सकाळीच घासलेला बूट. साहेबांनी त्याच्या टोकावर बोळा झटकला, बूट उन्हात वळवायला लावला आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"बघा."

काळ्या चकाकत्या चामड्यावर पांढरे ठिपके होते. धुळीएवढे. मी बघत असताना त्यातला एक हलला. मग दुसरा. ते चालत होते. माझ्या बुटाच्या पॉलिशवरून.

"इअर माइट म्हणतात याला," साहेब म्हणाले. "गोचिडीच्या जातीचा किडा, पण डोळ्याला जेमतेम दिसणारा. कानातच राहतो, तिथेच अंडी घालतो. असे शेकडो आत फिरत असले तर कुत्र्याने कमांड कशी ऐकायची?" ते सुभेदारसाहेबांकडे वळले. "हा कुत्रा चावरा नाही. आजारी आहे. बोर्डाचा कागद मला द्या."

कागद त्यांनी फाडला नाही. त्यावर रोगाचं नाव लिहिलं, उपचार लिहिले आणि बोर्ड स्थगित केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हवालदार, मी येतो ते कुत्रे बघायला. तुमची सफाई बघायला नाही."

एवढंच. शिक्षाही झाली, पण ती कागदावरची. हे वाक्य जास्त काळ टिकलं.

उपचार मी तिथेच लिहून घेतले आणि आजही तेच सांगतो. आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावं, कारण खाजवणारा प्रत्येक कान किड्याचा नसतो. कानाचा पडदा फाटलेला असेल तर औषधानेच इजा होते. डॉक्टर देतील ते तेलकट औषध कोमट करून कानात थेंब सोडायचे, बाहेरून मुळाशी चोळायचं, कुत्र्याला डोकं झटकू द्यायचं आणि वर आलेली घाण तेवढी कापसाने टिपायची. काडी आत घालायची नाही. लोक रॉकेल घालतात, तंबाखूचं पाणी घालतात. मुळीच घालू नये. अंथरूण उकळत्या पाण्यात धुवून उन्हात टाकायचं. आणि दोन गोष्टी लोक हमखास चुकतात. एक, कान स्वच्छ दिसला की औषध थांबवतात. अंड्यांवर औषध चालत नाही, ती फुटून नवे किडे निघतात, म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस, तीन-चार आठवडे तरी, औषध चालू ठेवावं लागतं. दुसरी गोष्ट साहेबांनी शेवटी विचारली.

"या कुत्र्याजवळ आणखी कोण असतं?"

"रीटा, साहेब."

"तिलाही औषध. तिला लक्षण असो वा नसो. आणखी?"

बलबीर जमिनीकडे बघत होता.

"गेटावरचा एक कुत्रा होता, साहेब. बाईंचा. दोघं एका चादरीवर पडायचे."

"मग त्यालाही. एकाला सोडून बाकीच्यांना दिलं तर फिरून पहिल्याला होतं. कुणाकडून कुणाला लागलं ते कळत नाही, विचारूही नका. सगळ्यांना एकदम." त्यांनी बॅगेतून तीन बाटल्या काढून स्टुलावर ठेवल्या. "बरे होतात हे. साधं काम आहे. तिसरा कुत्रा आणा, एकदा मी स्वतः घालून दाखवतो."

"तो नाही, साहेब."

"मेला?"

"बार्शीला सोडलाय. इन्स्पेक्शनच्या आधी."

साहेबांनी बॅगेचं झाकण लावलं. तिसरी बाटली स्टुलावरून उचलली नाही. ती तिथेच ठेवून ते जीपकडे गेले.

सिद्राम परत आला तेव्हा मुसकं बांधायला त्याने नकार दिला. एका हाताने औषध घातलं. बादल कण्हत राहिला पण त्याने मान सिद्रामच्या मांडीवरून उचलली नाही. सिद्राम त्याच्याशी कानडीत काही पुटपुटत होता. आठवडाभरात खाजवणं कमी झालं. तक्त्यावर मी "कान स्वच्छ" हा रकाना खोडला आणि तिथे "कानात काय दिसलं" असं लिहिलं. एप्रिलअखेर बादल पूर्ण बरा झाला. सायडिंगवरून मारलेली शिट्टी त्याला दोन नंबरच्या पोस्टवर ऐकू जायला लागली.

तिसरी बाटली घेऊन मी गौराबाईंकडे गेलो. खोपट्यात दोन हमाल चहा पीत होते. ते जाईपर्यंत थांबलो.

"बाई, खंड्याला खरजेचा रोग नव्हता. कानात किडे होते. बादललाही होते. साधा रोग होता. बरा झाला असता."

त्या भांडं घासत होत्या. हात थांबला. "कान लई खाजवायचा. मला वाटायचं, माशी बसती."

"आम्हालाही कळलं नाही."

"तुमचा बरा झाला न्हवं?"

"झाला."

"बरं झालं. गुनी हाय त्यो." त्यांनी भांडं पुन्हा घासायला घेतलं.

मी बाटली फळीवर ठेवली. "ही खंड्यासाठी दिलीय साहेबांनी. आला तर घाला."

त्यांनी ओले हात पदराला पुसले, बाटली उचलली आणि माझ्या हातात परत दिली. खंड्या गेल्यापासून माझ्या हातात त्यांनी दिलेली ती पहिली वस्तू.

"त्यो हितं कसा येईल, हवालदार? ट्रकमदनं गेलाय. वास तरी घेता आला आसंल का वाटंचा? आदी कुत्रा आना. मग बाटली द्या."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी आणि सिद्राम बार्शीला गेलो. रेशनच्या ट्रकमधून नाही, एस्टीने, रजा टाकून. धान्याच्या आडतीवर विचारलं. एक हमाल म्हणाला, "तांबडा व्हय? कान पडलेला? हुता की. पोत्यावर झोपायचा. डोकं आपटायचा पोत्याला सारखा. मग दिसला न्हाय." दुसरा म्हणाला, वैरागच्या रस्त्याने बैलगाड्यांच्या मागे जाताना पाहिला. वैरागलाही गेलो. तिथे तांबडी कुत्री पुष्कळ होती. प्रत्येक वेळी सिद्राम हाक मारायचा, "खंड्या!" एकही वळलं नाही. परतताना एस्टीत तो एवढंच म्हणाला, "भाकरीमागं चढला उस्ताद त्यो. आपल्या हातच्या."

पथकाची बदली झाली. बादल पुढच्या वर्षी ईशान्येकडे गस्तीवर गेला आणि तिथेच ड्यूटीवर वारला. सिद्राम त्याच्याजवळ होता. तिथल्या केनेलच्या मागे त्याची पाटी आहे, नाव आणि नंबर. सिद्रामने पत्रात लिहिलं होतं, की गळपट्टा त्याच्याबरोबर पुरला आणि शेवटपर्यंत कान साफ होते. रीटा म्हातारपणाने गेली. तिचीही नोंद आहे. बलबीर आता गावी शेती करतो. दरवर्षी फौजेच्या दिवशी मी गेलेल्या माणसांची आणि कुत्र्यांची नावं मोठ्याने वाचतो. माझ्या पोरांना ती पाठ झाली आहेत. त्या वाचनात शेवटी मी खंड्याचं नाव घेतो. त्याला नंबर नव्हता, पाटी नाही आणि तो गेला की आहे हेही मला माहीत नाही. म्हणून त्याच्या नावापुढे मी "शहीद" म्हणत नाही. नुसतं नाव घेतो.

गौराबाईंचं खोपटं अजून तिथेच आहे. मी जातो. चहा मिळतो. कप अजूनही खाली ठेवतात.

मेजरसाहेबांनी दिलेल्या बाटलीची मुदत कधीच संपली. मी जनावरांच्या दवाखान्यातून नवी आणली, मग तिचीही संपली, मग पुन्हा आणली. माझ्या कपाटात कामांची यादी चिकटवलेली असते. घराचं पत्र्याचं काम झालं, त्यावर रेघ मारली. धाकट्याचं शाळेत नाव घालून झालं, त्यावर रेघ मारली. सर्वांत वरच्या ओळीवर रेघ नाही. तिथे लिहिलं आहे, खंड्याला शोधून दोन्ही कानांत औषध घालणे, बाईंच्या हवाली करणे.

उद्या बार्शीचा बाजार आहे. पिशवीत बाटली ठेवली आहे, कापूस ठेवला आहे, एक भाकरी ठेवायची आहे.